आत्ती, यंदाच्या मिरच्या वाळल्या

आत्ती,

तुमच्या बाराव्याला मी आले होते. शिवाजी पेठेतल्या आपल्या त्या बोळात मंडप घातला होता. पुरुष बाहेर खुर्च्यांवर, बायका आत. मी दारात चप्पल काढून तशीच उभी राहिले, कारण आत जाऊन बसायचं कुठं तेच कळेना. सुना-लेकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारणी दारापाशी. मी ह्यातली कुणीच नव्हते. तुमच्या माहेरच्या कुणा बाईनं विचारलं, "ह्या कोण गं?" शेजारणीनं तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. "अगं बाई," ती बाई म्हणाली. अजित बाहेर होता. त्यानं मला बघितलं आणि मान हलवली. तुमचा मुलगा, सहा वर्षं माझा नवरा होता, त्याच्याकडून एवढं पुष्कळ झालं. फोटोला फूल वाहिलं, दहा मिनिटं बसले आणि निघाले.

तिथं तुमच्याशी बोलता आलं नाही. म्हणून आता बसलेय लिहायला.

आमचं मोडलं त्यालाही आता नऊ वर्षं झाली. मोठं काही घडलं नव्हतं. मारहाण नाही, दारू नाही. त्याला घरात शांत बायको हवी होती आणि मला बोलणारा नवरा. दोघांनाही मिळालं नाही. शेवटचं सामान न्यायला मी आले तेव्हा तुम्ही चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पाठ करून उभ्या होता. भाजीला फोडणी घालत होता. मी "निघते" म्हणाले. तुम्ही वळलातसुद्धा नाही. रिक्षात बसून मी पहिल्यांदा रडले ते अजितसाठी नाही, तुमच्या त्या पाठीसाठी.

मग कळंब्याला मी वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वर मोकळी गच्ची, घरमालक पुण्याला. सकाळी पॅथॉलॉजी लॅबला जायचं, लोकांचं रक्त तपासायचं, संध्याकाळी येऊन वरणभात करायचा. असं सगळं चाललेलं असताना मार्चमध्ये तुमचा फोन आला. सहा महिन्यांत पहिला.

"वर्षा, तुझ्या गच्चीला ऊन असतंय न्हवं?"

"असतंय की. का हो?"

"आमच्या पुढं तीन मजली उठीवल्यात. सूर्य दिसंना झालाय. मिरच्या आणल्यात. सांग, येऊ का नको?"

तासाभरात रिक्षा आली. पायाशी दोन पोती, मांडीवर जुन्या लुगड्यांचं गाठोडं. रिक्षावाला शिंकत होता आणि तुम्ही त्याला दटावत होता, "मर्दा, मिरचीला शिंकतोस व्हय? कोल्हापूरचाच न्हवं तू?"

तुमच्या बोळात ऊन असलेल्या आणखी दोन गच्च्या होत्या, आणि दोन्हीकडं तुमचं येणं-जाणं होतं. मला ते ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. आठ वर्षांत आपण तो विषय काढला नाही.

त्या पहिल्या दिवशी जिना चढताना मी अडखळत विचारलं होतं, "आता तुम्हाला काय म्हणू?" तुम्ही धापा टाकत मधल्या पायरीवर बसलात. "आत्तीच म्हण की. कोर्टानं नवरा काढून घेतला. आत्ती कुठं काढून घेतली?"

मग तुम्ही मला कामाला लावलं. लग्नाच्या सहा वर्षांत मी चटणी खाल्ली होती, केली कधीच नव्हती. तुम्ही करायचा आणि मी पाट्यावरचं उचलून ठेवायचे. इथं पहिल्यांदा तुम्ही मला हातात मिरची देऊन शिकवलं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी जवारी चवीला आणि मूठभर लवंगी "डोक्यापर्यंत जायला". कसबा बावड्याच्या तुमच्या भावजयीच्या रानातल्या ताज्या लाल मिरच्याही त्यात असायच्या, झाडावरच पिकलेल्या. त्यांना पहिला दिवस सावलीतच ठेवायचं, मलूल होऊ द्यायचं, आणि मग ऊन दाखवायचं. "एकदम उन्हात घातलीस तर वरनं वाळत्यात, आत वल्या राहत्यात. माणसागतच हाय ते." सिमेंटवर थेट घालायच्या नाहीत, खाली लुगडं पाहिजे. दुपारी एकदा हात फिरवून उलट्या करायच्या. दिवस मावळायच्या आत गोळा करायच्या, नाहीतर दवानं पांढऱ्या पडतात. आणि उन्हातनं काढल्या काढल्या गरम गरम भरायच्या नाहीत, बरणीत घाम धरतात.

मी लॅबमधली बाई. वही काढून लिहायला लागले. किती दिवस, किती तास. तुम्ही चष्म्यावरनं बघितलंत. "लिवून काय करणार? उलीसं कानापाशी धर आन् हलीव." तुम्ही एक मिरची माझ्या कानाशी धरून हलवलीत. आत बिया वाजल्या, घुंगरू वाजावं तशा. "वाजली की वाळली. न्हाय वाजली की परत उन्हात."

वाळल्या की दोन ढीग व्हायचे. कांडायच्या मिरच्यांचे देठ आपण तिथंच बसून खुडायचो, हाताला तेल लावून, आणि ती पाटी डंकावर जायची. तिथं त्यांचं कूट होऊन यायचं. वर्षभर अख्ख्या ठेवायच्या त्यांचे देठ मात्र तसेच. ह्यावरनं आपलं दरसाल भांडण. मी म्हणायचे, देठासकट ठेवल्या तर जागा किती जाते. तुम्ही म्हणायचा, "देठ काढलास की दार उघडं पडलं. किडा आत जातोय, बी भायेर येतंय." एका वर्षी मी हट्टानं एक बरणी देठ काढून भरली. गणपतीत उघडली तर तळाशी नुसत्या बिया आणि भुसा. मी तुम्हाला सांगितलंच नाही. आज सांगते. तुमचंच बरोबर होतं.

बरणीत तळाला मीठ, मध्ये हिंगाचा खडा, तोंडाला फडकं बांधून वर झाकण. निम्म्या बरण्या माझ्याकडं, निम्म्या पेठेत. त्या पेठेतल्या बरण्यांतली चटणी अजित रोज खायचा. त्याला ठाऊक होतं ती कुठं वाळते. पहिल्याच वर्षी, जेवताना, तुम्हीच त्याला सांगितलंत, आणि मग मलाही येऊन सांगितलंत. त्यानं घास थांबवला, मग खाल्ला. पुढं काही नाही.

वळवाची ती दुपार तुम्हाला आठवत असेल. मी लॅबमध्ये होते आणि आभाळ आलं. तुम्ही एकट्या गच्चीवर. मी स्कूटर दामटत आले, वाटेत कळंबा तलावापाशीच पावसानं गाठलं. मनात म्हटलं, गेलं सगळं. वर येऊन बघते तर गच्ची रिकामी, एक मिरची नाही. सगळ्या माझ्या पलंगावर, गादीभर पसरलेल्या, वर पंखा सोडलेला, आणि तुम्ही दारात पदरानं नाक धरून बसलेल्या. खोलीत श्वास घेता येत नव्हता. मी शिंकले, तुम्ही शिंकलात, मग दोघींनाही थांबता येईना. डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि तुम्ही म्हणत होता, "नावच बापानं वर्षा ठेवलंय. वाळवणावर आभाळ न्हाय येणार तर काय हुणार!" पुढचे चार दिवस त्या गादीवर अंग टेकवलं की भाजायचं. लग्नात असताना तुम्ही आणि मी एकदाही तशा हसलो नव्हतो.

अशाच एका दुपारी, देठ खुडता खुडता, मी विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्ही मागं वळून का नाही बघितलंत?"

तुम्ही हातातली मिरची खुडून पाटीत टाकलीत. मग म्हणालात, "काय बोलायचं हुतं? तोंड उघडलं असतं तर एक कोणतरी गेलंच असतं. तो न्हायतर तू. म्हणून गप बसलो."

"पण मला वाटलं तुम्हाला काहीच वाटलं नाही."

"वाटू दे की. वाटलेलं निस्तरता येतंय. बोललेलं न्हाय येत."

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, आत्ती. एका वाक्यानं तुमचा मुलगा कुठं जाणार होता? पण मी वाद घातला नाही. पाटी भरत आली होती.

आणि मग गेल्या वर्षीचं.

त्याच्या तीन वर्षं आधी अजितनं दुसरं लग्न केलं, तेव्हा तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. पोरगी भली आहे, सारिका नाव, गारगोटीकडची. मी "बरं झालं" म्हणाले आणि ते खरं होतं. तीन वर्षं आपल्या बोलण्यात ती अधूनमधून यायची. तिचा ताप, तिची मुलगी, तिच्या हातची भाकरी. मला त्रास व्हायचा नाही. निदान मी तसं समजत होते.

गेल्या वर्षी मार्चात शेवटच्या रविवारी मला लॅबला जावं लागलं. बरण्या तुम्ही एकटीनं भरल्यात. नागपंचमीला तुम्ही दिंडं घेऊन आलात. गुळाचं पुरण भरून उकडलेली ती दिंडं मला आवडतात म्हणून दरवर्षी आणायचा. आदल्याच दिवशी मी बरणी उघडली होती. वर राखाडी बुरशी, आत कुबट वास. दुसरी बरणी तशीच, तिसरीही. तुम्ही डबा खाली ठेवता ठेवताच मी बरणी तुमच्यापुढं धरली.

"हे बघा. ओल्या होत्या ह्या. तुम्ही बघितलं नाही?"

"बघितलं की. वाळल्या हुत्या."

"वाजवून बघितल्या?"

"व्हय. बघितल्या."

"मग ही बुरशी कुठनं आली? वर्षाची मेहनत गेली आत्ती. नसेल होत तर सांगायचं."

तुम्ही बरणीत बघत राहिलात. मग म्हणालात, "पुढल्या साली सारिकाला आणतो हितं. तिला शिकीव. दोघी मिळून करा."

मला आधी ऐकल्यावर काहीच झालं नाही. आणि मग एकदम झालं. "माझ्या घरात ती आलीच आहे. आता माझ्या गच्चीवर पण आणता? घर सांभाळायला ती आणि मिरच्या वाळवायला मी. तुम्हाला दोन्ही पाहिजेत."

चहा गॅसवर उकळत होता. तुम्ही उठलात, डबा तिथंच राहू दिलात. "येतो मी," म्हणालात. तुम्ही जिन्यात कठडा धरून हळूहळू उतरत होता, मी वरनं बघत होते. हाक मारली नाही. चहा मोरीत ओतून दिला. दिंडं मात्र खाल्ली, दुसऱ्या दिवशी, उभ्या उभ्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी फोन केला. तो फोन करायला मला अडीच महिने लागले, हे तुम्हाला माहीत नाही. काय बोलायचं ते मी लॅबमधल्या एका पावतीच्या मागं लिहून काढलं होतं. तुम्ही फोन उचललात आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं, दोनेक मिनिटं. मग थांबले.

तुम्ही म्हणालात, "व्हय व्हय. बरं हाय. ठेवतो."

आणि ठेवलात.

मी फोनकडं बघत बसले. मनात म्हटलं, अजून राग गेला नाही. जाऊ दे. मी माझं बोलून मोकळी झाले. आता त्या करतील फोन. फेब्रुवारी आला, पेठेत, लक्ष्मीपुरीत मिरच्यांची पोती आली, मी लॅबला जाता येता बघायचे. मार्च लागला. रोज संध्याकाळी गच्ची झाडून ठेवायचे. झाडायची काही गरज नव्हती. कळंब्याहून शिवाजी पेठ स्कूटरवर पंधरा मिनिटं. मी गेले नाही. आता त्यांची पाळी, असं म्हणत बसले. मग एका सकाळी फोन वाजला, तुमच्याच नंबरवरनं, आणि मी हसतच उचलला. पलीकडं अजित होता.

बाराव्यानंतर सहाव्या दिवशी, रविवारी, दारात रिक्षा थांबली. सारिका उतरली. मी तिला तोवर एकदाच पाहिलं होतं, तुमच्या बाराव्यालाच, लांबून. तिच्या पायाशी पोतं होतं.

"ताई, ह्या आत्तींनी आणून ठेवलेल्या. जायच्या आधी चार दिवस. घरात ऊन न्हाय. वास मारायला लागल्यात. टाकू म्हणलं तर ह्यांनी टाकू दिलं न्हाय. म्हणाले, तिकडं ने."

"अजित म्हणाला?"

"व्हय. पत्ता त्यांनीच दिला."

आम्ही पोतं वर चढवलं. निम्म्या बावड्याच्या ताज्या होत्या, काही काळ्या पडायला लागलेल्या. निवडायला बसलो. तिला काहीच येत नव्हतं. तेल न लावता हात घातला आणि मग तोच हात डोळ्याला लावला. मी तिला नळाखाली नेलं, दुधात भिजवलेलं फडकं डोळ्यावर ठेवलं. ती रडत होती, मिरचीनं का कशानं कुणास ठाऊक. चांगल्या निघाल्या तेवढ्या पसरल्या. मी म्हटलं, आठ दिवस लागतील, आणि लॅबला रजा टाकली. ती रोज दुपारी मुलीला शेजारी ठेवून यायला लागली. फार बोलायचो असं नाही. माझ्या बोलण्यात धार यायची, तिला ती कळायची, ती खाली मान घालून मिरच्या उलट्या करायची.

पाचव्या दिवशी मी तिच्या कानाशी एक मिरची धरून हलवली. "ऐकलीस? अशी वाजली पाहिजे."

ती एकदम थांबली. "आत्ती असंच करायच्या घरी, बरणीतली मिरची काढून. कानाला लावायच्या आन् मग माझ्याकडं द्यायच्या. म्हणायच्या, तू बघ गं, वाजती का."

"का? स्वतः का नाही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला ठाऊक न्हाय? त्यांना ऐकू येत न्हवतं ताई. दीड-दोन वर्षं झाली. डाव्या कानानं तर कायच न्हाय. ह्यांनी मशीन आणलं, त्यांनी लावलं न्हाय. तोंडाकडं बघून वळखायच्या काय बोलाय लागलोय ते. फोन आला की नुसतं व्हय व्हय, बरं हाय म्हणायच्या आन् ठेवायच्या."

मी हातातली मिरची खाली ठेवली.

"मला सांगितलं नाही त्यांनी."

"मला बजावून ठेवलं हुतं. म्हणायच्या, तिला कळलं तर ती मला काम करू द्यायची न्हाय. म्हणंल, बसा गप खुर्चीवर."

आत्ती, आपण कोल्हापूरची माणसं. सगळीच ओरडून बोलतो. तुम्ही आणखी मोठ्यानं बोलायला लागलात ते मला कळलंच नाही. शेवटच्या दोन उन्हाळ्यांत तुम्ही मूठभर मिरच्या माझ्यापुढं करायचा आणि म्हणायचा, "तू हलवून सांग." मला वाटायचं, आता माझ्यावर भरवसा बसला. मी मनातल्या मनात फुलायचे. दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचणारी मी, आणि समोर बसलेल्या माणसाचं मला वाचता आलं नाही. त्या रविवारी मी नव्हते. तुम्ही एकट्या गच्चीवर बसून एकेक मिरची कानाशी धरून हलवली असेल, आणि ऐकू आलं नाही तर विचारायलाही कुणी नव्हतं. मग अंदाजानं भरल्यात. आणि पंचमीला मी विचारलं, वाजवून बघितल्या? तुम्ही "व्हय" म्हणालात. खोटं नव्हतं ते. वाजवून बघितल्याच होत्या तुम्ही.

सारिकाला शिकव म्हणालात ते म्हणून. तुम्हाला माझ्या जागी कुणाला आणायचं नव्हतं. तुम्हाला तुमच्या कानाच्या जागी कुणीतरी हवं होतं.

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले. मग पंचमीचं सांगितलं, फोनचंही सांगितलं. मी काय काय बोलले होते ते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ओल्या डोळ्यांनी चिडून म्हणाली, "एवढंच हुतं तर मला सांगायचं की वो ताई! मी कानाला लागून वरडून सांगितलं असतं."

काय सांगू तुम्हाला, तेव्हा मला ती पहिल्यांदा आवडली.

काल आम्ही बरण्या भरल्या. तीनच झाल्या, बाकीच्या टाकाव्या लागल्या. देठासकट भरल्या. सारिका दोन घेऊन गेली, एक मी ठेवली. तुमच्याबद्दल माझा एक राग अजून आहे, तो त्या पाठीचा. तो बहुतेक राहील. पण त्या पाठीनंतर आठ वर्षं दर मार्चमध्ये तुम्ही पोती घेऊन माझा जिना चढत होता. नातं तुटलेल्या सुनेकडं कुणी येतं का असं? त्याबद्दल मी तुम्हाला कधी एक शब्द बोलले नाही. वाटायचं, हे काय बोलायचं.

आणि फोनवरचं ते बोलणं तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, तर ते इथं लिहिते. पावती अजून पर्समध्येच होती. मी म्हणाले होते:

आत्ती, मी पंचमीला वाईट बोलले. माझं चुकलं. बुरशी आली तर आली, पुन्हा वाळवू. तुम्ही रागावू नका, मार्चमध्ये या. आणि येताना सारिकालाही घेऊन या. गच्ची मोठी आहे, तिघींना पुरेल.